पणजीत डूव्हल: बर्फ नको, घाई नको

डूव्हल ही बेल्जियन बिअर एकदा प्यायची हे बरीच वर्षं डोक्यात होतं, ते परवा पणजीत जमलं एकदाचं. तेव्हापासून जो भेटेल त्याला तेच सांगत सुटलोय, पण तोंडी सांगताना निम्मं राहून जातं आणि समोरचा मधेच विचारतो "किती चढली?", की विषय संपला. चढण्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नाहीये हो. चवीबद्दल मात्र इतकं आहे की लिहूनच काढावं म्हटलं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. काजूच्या बोंडांची हुर्राक आणि फेणी समजून पिणारा गोव्याचा माणूस असेल त्याला ही बेल्जियन स्ट्राँग बिअर पहिल्याच ग्लासात कळेल, कारण वास घेऊन, थोडं थोडं, गप्पा मारत प्यायची सवय त्याला आधीच आहे. आणि तरी आपल्या बारमध्ये ती नेमकी उलटी दिली जाते, गोठवलेला मग, फ्रीजच्या तळातली बाटली, वरून भसाभस ओतली की झालं. मग माणूस म्हणतो एवढे पैसे घालून काय मिळालं, साधीच बरी. त्याचं चुकत नाही, त्याला चव मिळालेलीच नसते.

तर झालं असं की सावंतवाडीहून माझा मावसभाऊ आला होता, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. दादा बरीच वर्षं शिपवर होता, बेल्जियमच्या अँटवर्प बंदराला बोट लागली की खाली उतरून त्याने या बिअर तिथल्या तिथे प्यायलेल्या आहेत, त्यामुळे या बाबतीत आमच्या घरात त्याचा शब्द शेवटचा. पणजीतल्या मळा भागाच्या बाजूला एक छोटा बार आहे तिथे बसलो होतो, मालक स्वतःच काउंटरला असतो, भिंतीवर जुने कॅलेंडर, पंखे, बाहेर दुपारची ती चिकट हवा. साधी बिअर मागवायची म्हणून दादाने काचेच्या फ्रीजकडे बघितलं आणि एकदम उठलाच. खालच्या कप्प्यात मागे सरकवलेल्या छोट्या बुटक्या बाटल्या, पांढरं लेबल, लाल अक्षरं. मालक म्हणाला, "पात्रांव, ती म्हारग आसा हां." म्हटलं असू दे, दोन काढ. आणि त्याच्याच बाजूला निळ्या बुचाची शिमे, ही दुसरी बेल्जियन बिअर, पण एक दिसली, ती दादाने बाहेर काढून टेबलावर ठेवायला सांगितली, आत्ता उघडायची नाही, नुसती बाहेर राहू दे म्हणाला. ते का ते पुढे सांगतो.

मालकाने सवयीप्रमाणे फ्रीजरमधले मग आणले, पांढरे पडलेले. दादा म्हणाला, "बाब, मग नको, ब्रँडीचे फुगीर ग्लास असले तर दे, आणि ओततो मीच." डूव्हलचा स्वतःचा ग्लास असतो ट्युलिपसारखा, १९६०च्या दशकात त्यांनी तो काढला, मुद्दाम एवढा मोठा की ३३ सीएलची, म्हणजे ३३० मिलीची, अख्खी बाटली फेसासकट एकदम मावली पाहिजे, कारण तेव्हाचे बिअरचे ग्लास लहान असायचे. त्याच्या तळाला काचेवर एक छोटं डी अक्षर कोरलेलं असतं, ते शोभेचं नाही, त्या खरखरीत जागेवरून बुडबुडे सतत वर सुटत राहतात आणि फेस टिकतो. तो ग्लास इथे नव्हता, पण खाली रुंद वर निमुळता असा कुठलाही ग्लास चालतो, वास आत कोंडून राहिला म्हणजे झालं.

ओतणं मात्र बघण्यासारखं. ग्लास तिरपा धरून अगदी बारीक धार, मग हळूहळू सरळ, आणि फेस असा काही वर येतो की बिअर कमी आणि फेस जास्त. पांढराशुभ्र, घट्ट, बोटाने खड्डा पाडला तर खड्डा राहतो. मालक बघत उभा राहिला, त्याला वाटलं बाटली खराब झालीय. दादाने थांबून फेस बसू दिला, परत थोडी ओतली, परत थांबला, आणि शेवटी बाटलीत तळाला बोटभर ठेवून दिली. कारण तळाशी यीस्टचा गाळ असतो. ही बिअर बाटलीत भरताना तिच्यात थोडी साखर आणि यीस्ट परत घालतात, मग बाटल्या गरम खोलीत ठेवतात, बाटलीतच दुसऱ्यांदा फर्मेंट होते म्हणजे आंबते, आणि त्यानंतर गार तळघरात कित्येक आठवडे पडून राहते. तो सगळा गॅस आतला तयार झालेला, म्हणून बुडबुडे इतके बारीक आणि जिभेला टोचणारे. गाळ प्यायला काही हरकत नाही, काही लोक शेवटी बाटली हलवून तो वेगळा पितात, मी पण प्यायलो, पावाच्या आंबवलेल्या पिठाची चव येते. ग्लासात मात्र मिसळू नये, बिअर गढूळ होते आणि कडू लागते.

रंग बघून कुणाला वाटणार नाही ही ८.५ टक्क्यांची आहे. फिकट सोनेरी, आरपार स्वच्छ, आपल्या साध्या लागर बिअरसारखीच. मी पहिला घोट घेतला तो गारच होता अजून, तेव्हा फक्त फेस आणि कडवटपणा कळला, चांगली वाटली पण विशेष काही नाही. दादा म्हणाला थांब, दहा मिनिटं हात लावू नकोस. पणजीची हवा, ग्लासावर बाहेरून घाम सुटलेला, दहा-पंधरा मिनिटांत तिचा गारवा आपोआप हवा तेवढा उतरला, आणि मग नाक आत घातलं तर काय सांगू. आधी पेर (नासपती), पिकलेलं पेर, मग लिंबाच्या सालीचा वास, मग मागे कुठेतरी मिरी आणि लवंगेकडे जाणारं काहीतरी, आणि सगळ्यात शेवटी गवतासारखा हिरवा हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, वास. यात फळ घातलेलं नाही, मसाला घातलेला नाही. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), पाणी, हॉप्स, यीस्ट आणि साखर, बस. हॉप्स दोन प्रकारचे, चेक भागातले झाट्स आणि स्लोव्हेनियाचे स्टिरियन गोल्डिंग. बाकीचं सगळं यीस्टने केलंय.

हे यीस्टचं प्रकरण मला सगळ्यात भारी वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपण पितो ती लागर १० अंशांच्या आसपास थंड ठेवून फर्मेंट करतात, यीस्ट हळू चालतं, मागे फारशी चव सोडत नाही, म्हणून ती साफ लागते. डूव्हलसारखी बेल्जियन एल फर्मेंट होते २० अंशांच्या वर, कधी २५ च्याही पुढे, त्या उष्णतेत यीस्ट जोरात काम करतं आणि अल्कोहोल बनवता बनवता एस्टर नावाची वासाची संयुगं सोडतं, केळ्याचा वास येतो तो अशाच एका एस्टरचा, खऱ्या केळ्यात पण तेच असतं. लवंगेसारखा वास येतो तो फेनॉलचा, तोही यीस्टचाच. म्हणजे तुम्ही बिअर बर्फासारखी गार केलीत की हे सगळे वास बसून जातात, उडतच नाहीत, आणि ज्या गोष्टीसाठी पैसे दिले तीच गोष्ट गायब.

आता हे वाचून आपल्याकडच्या माणसाला भाटी, म्हणजे फेणीची भट्टी, आठवली नाही तर नवल. काजूची बोंडं कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या खळग्यात, तुडवून रस काढतात, त्यात कुणी पाकिटातलं यीस्ट घालत नाही, बोंडवांवरच जे असतं आणि हवेत जे असतं तेच रस आंबवतं, दोन-तीन दिवसांत, मार्च-एप्रिल-मेच्या उकाड्यात. आणि पहिल्या धारेची हुर्राक नाकाशी नेली की जो फळाचा वास येतो, तो त्या गरम आंबवण्याने केलेला असतो. काजूच्या फेणीला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा सगळ्यांनी भट्टी, तांब्याचं भांडं, ऊर्ध्वपातन याबद्दल भरभरून लिहिलं, पण भाटीवाल्याला विचारा, तो आधी रसाबद्दल बोलेल, रस नीट आंबला नाही तर पुढे कितीही चांगली भाटी असली तरी फेणी जमत नाही. डूव्हलच्या ब्रींडोंक गावचा ब्रुअर यीस्टबद्दल बोलेल, आपला भाटीवाला रसाबद्दल, पण दोघांचा जीव अडकलाय तो एकाच जागी.

ब्रींडोंक म्हणजे अँटवर्प आणि ब्रसेल्सच्या मधलं गाव, तिथे मोर्टगाट घराण्याची ब्रुअरी १८७१ पासून आहे. पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये इंग्रज-स्कॉटिश एलची ओळख वाढली, तर मोर्टगाटांच्या पुढच्या पिढीतला आल्बर्ट थेट स्कॉटलंडला गेला आणि यीस्ट घेऊन आला. त्या यीस्टवर जी बिअर केली तिचं नाव युद्ध संपलं म्हणून व्हिक्टरी एल. मग ब्रुअरीवाले जी गोष्ट सांगतात ती अशी की १९२३ मध्ये चाखायला बसलेल्यांपैकी जोडे बनवणारा एक जण म्हणाला, ही तर साक्षात सैतान आहे, आणि तेच नाव चिकटलं. कॅथलिक गावात बिअरला सैतानाचं नाव, म्हणजे धाडसच. आणखी एक, तेव्हा ती काळपट होती, आजचा सोनेरी रंग १९७०च्या आसपास आला. दादाला हे माहीत नव्हतं, तो म्हणाला मला वाटलं आधीपासून अशीच.

बेल्जियममध्येच इतक्या जड बिअर का झाल्या याला एक कायदा पण कारणीभूत आहे. १९१९ मध्ये तिथे वॅंडरवेल्डे नावाच्या समाजवादी मंत्र्याने कायदा आणला, कॅफेमध्ये जिनसारखी कडक दारू विकायला बंदी. दुकानातून घ्यायची तर एकदम दोन लिटर घ्यावी लागे, मजुराला ते परवडणार कुठून. मग कॅफेत बसणाऱ्या माणसाला काहीतरी कडक हवं होतं, ते बिअरवाल्यांनी दिलं. हा कायदा १९८०च्या दशकापर्यंत चालला. व्यसन सोडवायला केलेल्या कायद्याखाली जगातल्या उत्तम बिअर वाढल्या, मला हा इतिहास फार आवडतो, कारण यात कुणी एकट्याने बसून काही ठरवलेलं नाही, लोकांना जे हवं होतं ते घडत गेलं. वेस्टमालच्या मठातली ट्रिपेल नावाची कडक बिअर १९३४ची, ती याच काळातली, ९.५ टक्के, आज जगभर जी सोनेरी ट्रिपेल करतात तिचा नमुना तोच.

बरं, ८.५ टक्के म्हणजे किती? हिशोब सोपा आहे. ३३० मिलीच्या एका बाटलीत साधारण २८ मिली शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या ६० मिली लार्ज पेगमध्ये २५-२६ मिली. म्हणजे एक छोटी बाटली लार्जपेक्षा थोडी वरच, आणि पिताना ते अजिबात कळत नाही, ही खरी काळजीची गोष्ट. तोंडात ती हलकी आहे, कोरडी आहे, गोडसर चिकटपणा नाही. ही करामत साखरेची. नुसत्या माल्टवर एवढी कडक बिअर केली तर ती जाड आणि गोड होते, घशाखाली उतरत नाही. साखर घातली की ती यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं, अल्कोहोल वाढतो पण अंग वाढत नाही. आता तुम्ही म्हणाल साखर आणि तांदूळ तर आपल्याकडच्या बऱ्याच बिअरमध्ये पण पडतो, मग फरक काय? फरक वेळेचा आणि यीस्टचा. तिथे डूव्हल बाजारात यायला सुमारे तीन महिने घेतात. आणि फरक पिणाऱ्याचा पण आहे, आपल्याकडे स्ट्राँग मागवणारा बहुतेक वेळा कमी पैशात जास्त किक बघत असतो, कंपनी पण मग त्याच हिशोबाने बनवते, चवीबद्दल कुणी विचारतच नाही. मला यात पिणाऱ्याला दोष द्यायचा नाही, दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाला काय हवं ते मला कळतं. पण ज्याला परवडतं, ज्याच्याकडे निवांत संध्याकाळ आहे, त्याने तरी तशी घाई करू नये.

खायला आम्ही आधी लेपो (चपटा मासा) रवा फ्राय घेतलं आणि ते काय जमलं म्हणून सांगू. वरचा रवा कुरकुरीत, तेल, त्यावर लिंबू, आणि वरून या कोरड्या टोचऱ्या बिअरचा घोट, तोंड धुऊन निघाल्यासारखं साफ होतं आणि परत पहिला घास असल्यासारखी चव लागते. मग दादाला चोरीस-पाव, म्हणजे डुकराच्या मसालेदार सॉसेजचा पाव, हवा होता. तिथे मात्र डूव्हल हरली. चोरीसचं ते व्हिनेगर, मिरची आणि डुकराची चरबी, त्यापुढे पेर-बिर काही शिल्लक राहत नाही, नुसता कडवटपणा उरतो. तिखट मसाल्याबरोबर ही बिअर घेऊ नका, माझं स्पष्ट मत. काजू भाजलेले, साधं तळलेलं मासळीचं काही, माणक्यो (स्क्विड) बटर गार्लिक, इथपर्यंत ठीक.

आणि इथे ती शिमे कामाला आली. एव्हाना ती पाऊण तास टेबलावर बसून होती, दादाचा हिशोब तोच होता, कारण निळी शिमे १० ते १२ अंशांवर प्यायची असते, म्हणजे आपल्या फ्रीजपेक्षा बरीच कोमट. एकच बाटली दोघांत वाटून घेतली, ९ टक्के आहे, दोघांत एक पुरे. गडद तपकिरी, फेस बदामी. वास सुकलेल्या अंजिराचा, मनुकांचा, थोडा करपलेल्या साखरेचा, नाताळात घरोघरी बनतो त्या काळ्या केकच्या जवळ जाणारा. आणि योगायोग नाही तो, ही बिअर १९४८ मध्ये पहिल्यांदा केली तीच नाताळसाठी म्हणून, लोकांना आवडली म्हणून कायमची झाली. चोरीसच्या तिखटाला ती पुरून उरली, मागचा गोडसरपणा मिरचीला सांभाळून घेतो. दादा डूव्हलवाला आहे, मी मात्र त्या क्षणी शिमेवाला झालो, खोटं कशाला बोलू.

शिमे ही बेल्जियमच्या स्कूरमों मठातली. तिथले ट्रॅपिस्ट पंथाचे कॅथलिक साधू १८६२ पासून बिअर करतात. बाटलीवर सहा कोनांचा छोटा शिक्का असतो, त्याला नियम आहेत, बिअर मठाच्या आवारातच झाली पाहिजे, साधूंच्या देखरेखीखाली, आणि नफा मठाच्या खर्चाला आणि गरजूंच्या कामाला गेला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर मठातल्या फादर थिओडोरांनी तिथल्या यीस्टमधून हवा तो प्रकार वेगळा काढला, त्यांना लूव्हेन विद्यापीठाचे प्राध्यापक जां द क्लेर्क यांची मदत होती, आणि हे प्राध्यापक वारले तेव्हा त्यांना त्याच मठात पुरलं. दादाने हे सांगितलं तेव्हा मालक पण खुर्ची ओढून आमच्यात येऊन बसला होता. त्याने विचारलं, "म्हणजे पाद्री सोरो (दारू) करतात?" दादा म्हणाला, "करतात, आणि स्वतः हलकी पितात, जड आपल्याला विकतात." हे खरं आहे, मठात रोजच्या जेवणाला ते कमी अल्कोहोलची वेगळी बिअर घेतात.

मालकाला मग आम्ही उरलेली डूव्हल थोडी दिली, अर्धा ग्लास, ग्लासात राहून राहून ती आता अगदी खोलीच्या हवेला आली होती, म्हणजे मला वाटतं जरा जास्तच. त्याने नाक घातलं, प्यायला, थोडा वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला वास हुर्राकसारखा येतो. मी टेबलावर हात आपटला, कारण मी तेच म्हणत होतो आणि हा माणूस आयुष्यभर हुर्राक विकतोय, त्याचं नाक माझ्यापेक्षा शंभरपट खरं. त्याच्या बारमध्ये सिझनला डिचोलीहून हुर्राकचे कॅन येतात, लिमका, लिंबाची फोड, मीठ आणि उभी चिरलेली मिरची घालून तो देतो, पण स्वतः पिताना तो काहीही न घालता पितो, वास जातो म्हणून. मग मी म्हटलं, बाब, तुम्ही हुर्राकला जसं वागवता तसंच हिला वागवा ना. बाटल्या खालच्या कप्प्यात सगळ्यात गार जागी नका ठेवू, वरच्या कप्प्यात दाराजवळ ठेवा, आणि उभ्या ठेवा म्हणजे गाळ तळाशी राहील. गोठवलेला मग देऊ नका, फुगीर ग्लास द्या. आणि गिऱ्हाईकाला सांगा जरा थांबा. तो हो म्हणाला, करून बघतो म्हणाला.

एक गोष्ट मात्र बार चालवणाऱ्या सगळ्यांनाच सांगावीशी वाटते, तारीख बघा. आमच्या डूव्हल चांगल्या होत्या, पण दुसरीकडे एका ठिकाणी इम्पोर्टेड बिअर म्हणून जुनी, उन्हात राहिलेली बाटली समोर आलेली आहे, ओल्या पुठ्ठ्याची चव लागते आणि पैसे पूर्ण. गोव्याच्या उकाड्यात चालू फ्रीजमध्ये बाटली ठेवायची नसेल तर मागवूच नका. शिमेसारखी गडद बिअर वर्षानुवर्षं मुरते, हे खरं, लोक मुद्दाम ठेवतात, पण ती थंड अंधाऱ्या तळघरात, आपल्या स्टोअर रूममध्ये नव्हे. सोनेरी हॉप्सवाली तर ताजीच बरी.

आणि इम्पोर्टेड नको असेल तर आपल्या गोव्यातच आता बऱ्यापैकी सोय झालीय, डिचोली तालुक्यात लाटंबार्सेला माका दी ही बिअर बनते, त्यांच्याकडे बेल्जियन पद्धतीच्या बिअर पण आहेत. मी त्या मिळतील तशा घेतो, गव्हाची हलकी दुपारच्या जेवणाला फार छान. शेजारच्याच तालुक्यात एकीकडे काजूची भाटी लागते आणि दुसरीकडे बेल्जियन पद्धतीची बिअर होते, याचा मला मनापासून अभिमान आहे.

घरी जाताना स्कूटर बारच्या बाहेरच ठेवली, पायलट (मोटरसायकल टॅक्सी) केला, दादाला दुसरा पायलट. दादाचं म्हणणं आता ओर्व्हाल शोधायची, ती पण ट्रॅपिस्टच, ६.२ टक्के म्हणजे या दोघींपेक्षा हलकी, पण तिच्यात बाटलीत भरताना ब्रेट नावाचं रानटी यीस्ट घालतात, त्यामुळे ताजी असताना एक चव आणि वर्षाने पूर्ण वेगळी. मला ती कधीच दिसलेली नाही गोव्यात. मडगाव, म्हापसा, वास्को, कुठल्याही दुकानात किंवा बारमध्ये कुणाला दिसली तर कळवा, मी त्याच दिवशी निघतो.